टवका कुठून उडतो?

गोदावरीचं पाणी ओसरलं की पैठणच्या परिसरात गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. काळे गोटे बेसाल्टचे. त्यांच्यात मधाच्या रंगाची, दुधी, लालसर गारगोटी मधूनच चमकते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक, कॅल्सेडनी, जास्पर साकळले. बेसाल्ट झिजला, हे दगड उरले. लहान, धारदार हत्यारांसाठी आदिमानवाने हेच निवडले.

पाट्याला टाकी लावणारा पाथरवट दगडाचा कण न् कण चुरत जातो. दगडी हत्यार घडवताना काम उलटं असतं. हवी असते एकच भेग, आपल्याला पाहिजे त्या वाटेने जाणारी. अकीकाचे स्फटिक इतके बारीक असतात की त्याला फुटण्याची ठरावीक दिशा नसते. तो काचेसारखा फुटतो. छऱ्याने खिडकीच्या काचेला पडलेलं भोक आठवा: पुढून लहान, मागून पसरट. ठोक्याचा जोर दगडात असाच शंकूसारखा पसरतो. कारागीर गोट्याच्या कडेलगत ठोका देतो आणि त्या शंकूची एक फाक काढून घेतो. तो टवका.

कडेचा कोन ९० अंशांहून कमी हवा. जास्त असेल तर कितीही जोर लावा, नुसता चुरा पडतो. आणि ठोक्याआधी कड दुसऱ्या दगडाने घासून बोथट करावी लागते, नाहीतर पातळ कडच ढासळते. नवशिका हेच घासणं टाळतो. माझ्या मते हे सारं कसब हाताच्या ताकदीत कमी आणि या तयारीत जास्त आहे. टवका निघाला की मागे गोट्यावर उभी धार राहते, पुढची भेग त्या धारेच्या आधाराने सरळ धावते आणि लांब पातं मिळतं. पैठणजवळच्या आपेगावला उत्खननात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांची वस्ती सापडली. त्या काळातले लोक अशी पाती काढण्यात तरबेज होते.

बाणाचं टोक म्हटलं की पिंपळपानासारखा अखंड दगड डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडच्या मध्याश्मयुगात मात्र दोन-तीन सेंटिमीटरच्या चंद्रकोरी आणि त्रिकोण असत. त्यांची एक बाजू मुद्दाम बोथट करून ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत राळेने बसवत. एक तुकडा तुटला तर तेवढाच बदलायचा. किती शहाणपणाची रचना!

गुजरातमधल्या खंबातचे अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने ठोकतात. टवका अणीच्या बाजूने उडतो. त्याआधी दगड मंद आचेवर भाजतात. त्याने लोहाचा रंग लाल खुलतो आणि दगड फोडायला सोपा जातो. याच धंद्यातल्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिसही होतो. म्हणून हात वळवायचाच असेल तर जाड बाटलीच्या बुडापासून सुरुवात करा. मोकळ्या वाऱ्यात, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि मांडीवर जाड चामडं घेऊन. कपच्या गोळा करून घरी न्या. नदीकाठी टाकलेली तुमची कपची उद्या अभ्यासकाला चकवेल.

चेन्नईजवळच्या पल्लावरमला १८६३ मध्ये सापडलेल्या अश्मयुगीन हातकुऱ्हाडीनंतर दोनच वर्षांनी, १८६५ साली, भूवैज्ञानिक विन यांना पैठणजवळ मुंगीला गोदावरीच्या जुन्या गाळात अकीकाचा एक टवका मिळाला. नदीच्या लोटात आपटूनही दगड फुटतात, मग तो माणसाचा कसा ओळखायचा? अशा टवक्याच्या आतल्या अंगाला ठोक्याखाली फुगीर उंचवटा असतो, त्यापासून पाण्यावरच्या लाटांसारख्या रेघा निघतात. पाठीवर आधीच्या टवक्यांचे व्रण असतात, अनेकदा ओळीने, एकाच दिशेचे. उन्हात तिरपा धरला की कोणता ठोका आधी बसला आणि कोणता नंतर, हे त्या व्रणांवरून वाचता येतं.