खाणी बंद पडल्या, क्रिएटर वाजत राहिला

जानेवारी २०२६ मध्ये क्रिएटर या जर्मन हेवी मेटल बँडचा सोळावा स्टुडिओ अल्बम, 'क्रशर्स ऑफ द वर्ल्ड', आला आणि कोल्हापुरातल्या मेटल ऐकणाऱ्या मूठभर मंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. चाळिशी ओलांडलेले म्हणतात, १९८६ चा क्रिएटर तोच खरा, बाकी सगळा पसारा. कॉलेजातली पोरं म्हणतात, २००१ च्या आधीचं रेकॉर्डिंग कानाला सोसत नाही. दोन्ही बाजूंचे लोक मधली पंधरा वर्षं सोयीस्करपणे वगळतात. माझ्या मते या बँडचं सगळं मर्म त्या वगळलेल्या वर्षांत आहे. ते कळायचं तर सुरुवात मात्र बँडच्या गावापासून, एसेनपासून करावी लागते.

एसेन हे जर्मनीच्या रूर खोऱ्यातलं शहर. क्रुप या पोलाद कंपनीचं मूळ गाव आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणींचा पट्टा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तेल आणि बाहेरचा कोळसा स्वस्त पडू लागला, तशा इथल्या खाणी एकेक करून मिटत गेल्या. शहराच्या उत्तरेकडच्या आल्टनएसेन या कामगार वस्तीत मिले पेट्रोझा वाढला. १९५५ च्या करारानंतर इटलीतून हजारो कामगार जर्मनीत आले. मिलेच्या घराचं मूळही इटलीतलंच. १९८२ च्या सुमाराला त्याने युर्गन राइल आणि रॉब फिओरेट्टी या दोस्तांना घेऊन बँड काढला. राइलला सगळे 'व्हेंटॉर' म्हणतात. तो ड्रमवर, फिओरेट्टी बेसवर, मिले गिटारवर. बँडचं नाव तेव्हा 'टॉर्मेंटर' होतं. डिसेंबर १९६७ चा जन्म म्हणजे मिले तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा.

वस्तीत 'त्सेखे कार्ल' नावाची जुनी खाण होती. कोळसा काढणं कधीच थांबलेलं, इमारत उभी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तरुणांनी आणि रहिवाशांनी पुढाकार घेऊन त्या जागेचं सांस्कृतिक केंद्र केलं. क्रिएटरची पोरं इथंच घडली. सरावाला जागा, वाजवायला मंच आणि समोर आपल्याच गल्लीतली टाळकी, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. कोल्हापूरच्या वाचकाला यावर शाहू मिल आठवेल. १९०६ साली शाहू महाराजांनी सुरू केलेली ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली आणि मग धुराडं, दगडी भिंती आणि स्मारकाच्या घोषणा एवढंच उरलं. २०२२ च्या स्मृतिशताब्दी वर्षात कृतज्ञता पर्वासाठी तिचे दरवाजे उघडले तेव्हा अख्खं शहर आत जाऊन आलं. आत गिटार लावायला एखादा प्लग पॉइंट कायमचा मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार तेव्हा माझ्यासारख्या रिकामटेकड्याच्याच डोक्यात आला असावा.

थ्रॅश हा मेटलचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार. त्याची जन्मकथा मेटलवाल्यांना तोंडपाठ असते, ती थोडक्यात. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये मेटॅलिका आणि स्लेयर यांचे पहिले अल्बम आले; मोटरहेड आणि व्हेनम हे इंग्लंडचे बँड आणि हार्डकोर पंक हा पंक रॉकचा वेगवान प्रकार यांचा वेग त्यात मिसळलेला होता. जर्मनीत हे लोण कॅसेटींच्या देवाणघेवाणीतून पोचलं. शेजारच्या गेल्झनकिर्शेनमध्ये सोडम उभा राहिला. त्याचा गायक टॉम एंजलरिपर स्वतः खाणीत काम केलेला. दक्षिणेत डिस्ट्रक्शन, फ्रँकफर्टमध्ये टँकार्ड. या चौघांना पुढे जर्मन थ्रॅशचे चार खांब म्हणू लागले. अमेरिकन थ्रॅशमध्ये वाजवण्याची सफाई दिसते. जर्मन थ्रॅश सुरुवातीला कच्चा, काटेरी आणि थोडा बेतालही होता.

बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सने करार केला, बँडने क्रिएटर हे नाव घेतलं आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये 'एंडलेस पेन' आला. मिले अजून अठराचाही नव्हता. गाणी त्याने आणि व्हेंटॉरने आलटून पालटून गायली आहेत. ड्रम बडवता बडवता गाणारा माणूस श्वास कुठं घेतो ते स्पष्ट ऐकू येतं. पुढच्या वर्षी बर्लिनमध्येच, हॅरिस जॉन्स या निर्मात्याकडे 'प्लेझर टू किल' रेकॉर्ड झाला. डेथ मेटल या थ्रॅशहूनही कर्कश प्रकाराच्या पुढच्या पिढीने ज्या मोजक्या अल्बमांना मानाचं पान दिलं, त्यांत हा येतो.

यात नेमकं काय होतं? गिटारवाला उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथं गिटारच्या अंगावर टेकतात तिथं, तारांवर टेकवतो, त्यामुळे सूर गुंजत नाही, तुटतो. मग पिकने खाली-वर असे झपाट्याने फटके. एकेका फटक्यात सूर कमी आणि ठोका जास्त. त्याखाली व्हेंटॉरचे दोन्ही पाय बेस ड्रमवर. तो घड्याळासारखा अचूक वाजवत नाही, किंचित पुढे पळतो. गिटारला त्याला गाठायला धावावं लागतं आणि गाण्याला जी धाप लागलेली असते ती या पाठलागाची. कुस्तीच्या मैदानात डाव रंगात आला की हलगीवाला असाच लय पुढे ढकलतो आणि पैलवानांना तिच्यामागे यावं लागतं. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका चौकटीत बसवतात. १९८६ मध्ये ती सोय नव्हती, हे नशीबच.

शब्दांचं म्हणाल तर त्या काळातल्या गाण्यांत खाण नाही, बेकारी नाही, वस्ती नाही. रक्त, मृत्यू, राक्षस. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी भयपट बघून लिहावं तसं. म्हणून 'हे कामगारांच्या संतापाचं संगीत' असं कोणी छातीठोकपणे लिहिलं की मी जरा सावध होतो. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगच्या कोपऱ्यात थोडा वेळ उभं राहून बघा. ओतकामातून निघालेल्या कास्टिंगवरची वाळू झाडून कडा ग्राइंडरने घासत असतात. ठिणग्या उडतात, आवाज दातांत शिरतो आणि कानात इअरफोन खुपसलेला पोरगा बहुतेक वेळा जुनी हिंदी गाणी ऐकत असतो. दिवसभर लोखंड ऐकणाऱ्याला संध्याकाळी पुन्हा लोखंडच हवं असतं असं काही नाही. एसेनने क्रिएटरला दिलं ते रिकामी जागा, मोकळा वेळ आणि 'आपण इथून कुठं जाणार नाही' ही जाणीव. 'प्लेझर टू किल' आला त्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, जवळची त्सोलफेराइन ही प्रचंड खाण बंद झाली. आज ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१९८७ चा 'टेरिबल सर्टन्टी' जास्त बांधीव होता. १९८९ चा 'एक्स्ट्रीम अ‍ॅग्रेशन' लॉस एंजलिसमध्ये रँडी बर्न्स या निर्मात्यासोबत झाला. त्यातल्या 'बिट्रेयर' गाण्याचा व्हिडिओ अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या परिसरात चित्रित झाला, एमटीव्हीवर वाजला आणि अमेरिकेत नाव झालं. शब्दांतही राक्षस मागे पडून सत्ता, विश्वासघात, पर्यावरण असे विषय आले.

मग ४ मार्च १९९०. बर्लिनची भिंत पडून चार महिनेही झाले नव्हते, पूर्व जर्मनीची पहिली आणि शेवटचीच मुक्त निवडणूक दोन आठवड्यांवर होती. पूर्व बर्लिनच्या वेर्नर सीलेनबिंडर सभागृहात क्रिएटर, टँकार्ड, कोरोनर आणि सॅबट हे चार बँड वाजले. वर्षानुवर्षं चोरून कॅसेटी ऐकलेल्या पूर्वेकडच्या पोरांसमोर हे बँड पहिल्यांदाच प्रत्यक्ष उभे होते. या कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. कोल्हापूरकरांनी सभागृहाच्या नावापाशी मुद्दाम थांबावं. वेर्नर सीलेनबिंडर हा पैलवान होता. ग्रीको-रोमन कुस्तीत १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला. कम्युनिस्ट होता, नाझींविरुद्ध भूमिगत काम करत होता, म्हणून १९४४ मध्ये त्याला ठार केलं. आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, त्यांच्या नावाने चौक आणि क्रीडा संकुलं झाली. पैलवानाच्या नावाच्या सभागृहात थ्रॅश मेटल वाजणं ही आपल्याला वाटतं तेवढी परकी गोष्ट नाही. ते सभागृह पुढे पाडलं.

त्याच वर्षी 'कोमा ऑफ सोल्स' आला, सोडममधून आलेल्या फ्रँक ब्लॅकफायरच्या गिटारसह. आणि लगेच हवा फिरली. १९९१ मध्ये मेटॅलिकाने वेग उतरवून जगभर कोट्यवधी अल्बम विकले, नर्वाना हा ग्रंज रॉकचा बँड आला आणि थ्रॅश एका रात्रीत जुनाट ठरला. बरेच बँड मिटले, काही नुसते ताटकळत राहिले. क्रिएटरने १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत जाऊन 'रिन्यूअल' केला. संथ, यांत्रिक, इंडस्ट्रियल संगीताकडे झुकलेला. चाहत्यांनी कपाळाला हात लावला. फिओरेट्टी गेला, पाठोपाठ खुद्द व्हेंटॉर बाहेर पडला. १९९५ च्या 'कॉज फॉर कॉन्फ्लिक्ट'वर ड्रम दुसऱ्याच माणसाचे आहेत. व्हेंटॉर परतला, १९९७ चा 'आउटकास्ट' झाला. आणि १९९९ मध्ये 'एंडोरामा', ज्यात मिले चक्क गातो. गॉथिक धाटणी, कीबोर्ड, उदास चाली.

हाच तो वाद. आपल्याकडे 'एंडोरामा'चं नाव काढलं की लोक हसतात. अल्बम म्हणून तो मलाही पूर्ण पटत नाही, अर्धी गाणी कुठंच पोचत नाहीत. पण पंधरा वर्षं नुसता ओरडणारा माणूस इथं चाल बांधायला शिकतो आहे. पुढचा टप्पा नीट ऐकला की हे शिक्षण कुठं कामी आलं ते कळतं.

२००१ मध्ये 'व्हायोलंट रिव्होल्यूशन' आला. फिनलंडचा सामी यली-सिर्निओ लीड गिटारवर, ध्वनीची बाजू अँडी स्नीप या निर्मात्याकडे. लोकांनी 'क्रिएटर परत आला' म्हणून गुलाल उधळला. नीट ऐकलं तर तो १९८६ कडे परतलाच नाही. शीर्षकगीतात वेग जुना आहे, पण वर दोन गिटारींची गुंफलेली चाल आहे आणि ओळ अशी की हजारो लोकांना एका आवाजात म्हणता यावी. 'प्लेझर टू किल'मधलं काहीही असं म्हणता येत नाही. ही चाल 'एंडोरामा'च्या पोटातून आली आहे. नव्वदच्या दशकात जुनंच वाजवत बसले असते, तर २००१ मध्ये हाताशी वेग सोडून दुसरं काही नसतं.

यानंतरची वाट सरळ आहे. २००५ चा 'एनिमी ऑफ गॉड' अधिक धारदार. २००९ चा 'हॉर्ड्स ऑफ केऑस' बराचसा स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र, थेट वाजवून केला. २०१२ ला 'फँटम अँटिक्राइस्ट'. आणि जानेवारी २०१७ मध्ये 'गॉड्स ऑफ व्हायलन्स' जर्मनीच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर. स्थापनेनंतर सुमारे ३५ वर्षांनी, थ्रॅश मेटल, पहिला क्रमांक. २०१८ च्या डिसेंबरात बॉट्रोप इथली शेवटची खाण बंद झाली आणि रूरमधलं कोळशाचं खाणकाम संपलं; बँड मात्र दौऱ्यावर होता. २०१९ मध्ये बेसवर फ्रेडरिक लेक्लर्क हा फ्रेंच माणूस आला, २०२२ मध्ये 'हेट यूबर आलेस'. आज मूळ तिघांपैकी मिले आणि व्हेंटॉर उरले आहेत.

आपल्याकडे हे संगीत आधी दोस्तांच्या कॅसेटींतून आलं, मग इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर फिरणाऱ्या एमपीथ्री सीड्यांतून. मोठा कार्यक्रम म्हटला की बेंगळुरू. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका गुरुग्रामचा कार्यक्रम रद्द करून तिथं वाजला, पुढच्या ऑक्टोबरात स्लेयर येऊन गेला. कोल्हापूर पुणे-बेंगळुरू महामार्गावरच असल्याने रात्रीची बस धरली की सकाळी तिथं. मेटलच्या बाबतीत आपलं महानगर मुंबईपेक्षा बेंगळुरूच जास्त. उद्यमनगरात सुट्टीच्या दिवशी एखाद्या वर्कशॉपच्या माडीवर सराव करणारी पोरं अधूनमधून दिसतात. ड्रमवाला बहुधा 'व्हेंटॉरसारखं पळू नको, क्लिक (कानात ठोका देणारा मेट्रोनोम) लाव' अशा शिव्या खात असतो.

नव्याने ऐकणाऱ्याने वादात न पडता 'व्हायोलंट रिव्होल्यूशन'पासून सुरुवात करावी, मग 'एक्स्ट्रीम अ‍ॅग्रेशन', मग 'प्लेझर टू किल'. 'एंडोरामा' त्यानंतर, हेडफोन लावून, आणि निदान दोनदा.