बसता आलं की हात मोकळे होतात

"त्याले नीट बसताच येत नाही बाई, अंगणवाडीत पाठवून काय करू?" सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं लेकरू घरात बाजेवर, माय कापूस वेचायला गेलेली आणि सांभाळायला म्हातारी आजी. वऱ्हाडातल्या गावात अंगणवाडी सेविकेला आजीचा हा प्रश्न नवा नाही, आणि तो रास्तही आहे. पण त्याचं उत्तर लेकराच्या अंगात शोधण्याआधी ते बसतं त्या जागेत शोधायला हवं.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग जन्माच्या आगेमागे दुखावलेला असतो. धड स्थिर राहत नाही. असं मूल सतरंजीवर बसवलं की ते दोन्ही हात जमिनीला टेकून स्वतःला सावरत राहतं. समोर ठोकळे मांडले तरी हात उचलला की कलंडतं. बघणाऱ्याला वाटतं, याला खेळायचंच नाही! आता त्यालाच दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवा, कंबरेला गोधडीच्या वळकटीचा आधार द्या. किंवा बुटक्या खुर्चीत असं बसवा, की पाठ टेकेल आणि तळवे पाटावर सपाट राहतील. कोणत्या मुलाला काय मानवेल हे फिजिओथेरपिस्टनं ठरवावं, पण तत्त्व एकच: कंबर स्थिर झाली की हात मोकळे होतात आणि मान वर येते. मान वर आली की समोरच्या पोरीचा चेहरा दिसतो, ती काय करते ते दिसतं. शिकणं तिथून सुरू होतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९२० च्या दशकातच दोन उणिवांमधला फरक मांडला होता. एक उणीव शरीरातली. दुसरी, त्या उणिवेमुळे मूल माणसांपासून तुटतं म्हणून तयार होणारी. पहिली पुसता येईलच असं नाही. दुसरी बरीचशी टाळता येते. समावेशक बालसंगोपन केंद्राचा सगळा पाया माझ्या मते एवढाच आहे. 'बिचाऱ्याला येऊ द्या बसायला' ही दया झाली, समावेश नव्हे.

ऐकू न येणाऱ्या बाळाचं तर वेळेशी गणित असतं. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. आपल्याकडे 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणत दोन वर्षं निघून जातात. तोवर मेंदूतला ऐकण्याचा भाग दुसऱ्या कामांना जुंपला जाऊ लागतो. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचंच नाही, या भीतीला मात्र आधार नाही.

काही अडचणी दिसतच नाहीत. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सर्वदूर आढळतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण वाढतं, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य कळा येतात. चंद्रपूरचा उन्हाळा आठवा. अशा मुलाला एकट्यालाच 'पाणी पी रे' म्हणत राहिलं की ते वेगळं पडतं. त्यापेक्षा ठरावीक वेळानं सगळ्याच पोट्ट्यांनी पेला भरून पाणी प्यायचं! नियम सगळ्यांना, फायदाही सगळ्यांना. आणि कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल मराठीत गप्प बसलं, तर ते मंद ठरत नाही. सेविकेला त्याच्या भाषेतली दोन गाणी यायला हवीत.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: लक्षणं लवकर ओळखा, मुलाला सामावून घ्या, पुढे पाठवा. कागद चांगला आहे. पण मेळघाटातल्या धारणीहून जिल्ह्याचं ठिकाण अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि मजुरी बुडवून माय किती खेपा मारणार? म्हणून तज्ज्ञ गावात येईल तेव्हा त्यानं मुलाला तपासून परत जाऊ नये. सेविका, मदतनीस आणि आजी यांच्या हातून ती वळकटी प्रत्यक्ष लावून घ्यावी. मूल वाढतं तसं आसन बदलावं लागतं. गेल्या वर्षीची खुर्ची यंदा तोकडी पडते आणि गुडघे वर उचलले जातात.