सर्व्हरवरील वेळेच्या चुका आणि ‘आयएसटी’चा घोळ : पार्श्वभूमी

भारतीय प्रमाणवेळ (इंग्रजी संक्षेप ‘आयएसटी’) १९०६ पासून आहे. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ त्यानंतरही कित्येक दशके सोडली नाही, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर घड्याळे एक तास पुढेही केली गेली. अलीकडच्या काही दशकांत मात्र आपल्याकडे घड्याळाचा काटा सरकवावा लागला नाही. त्यामुळे डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करणे, ही परदेशातली भानगड आहे, असे मानून स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहिण्याची सवय कोकणातही पडली.

ती सवय महागात पडली, कारण स्वस्तातले होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरील भाड्याची जागा) बहुधा अमेरिकेत असे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवणारी पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतली एखादी स्क्रिप्ट घ्या. ऑगस्टमध्ये पावसाळी बंदी उठून नौका समुद्रात गेल्या, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हर साडेनऊ तास मागे होता. म्हणून सर्व्हरच्या वेळेत ३४,२०० सेकंद मिळवण्याची ओळ लिहिली गेली आणि हिशेब चोख जुळला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली, फरक साडेदहा तासांचा झाला आणि रात्री बारा चाळीसला उतरलेला बांगडा आदल्या दिवशीच्या लिलावात जाऊन बसला. अमेरिकेने २००७ पासून या बदलाच्या तारखाच बदलल्या, त्यामुळे जुन्या तारखा स्क्रिप्टमध्ये पक्क्या लिहून ठेवणाऱ्यांचीही सुटका झाली नाही.

पीएचपीच्या ५.१ आवृत्तीत टाइमझोन (कोणत्या भागाची वेळ धरायची ते) नावाने ठरवण्याची सोय आली. २००९ च्या ५.३ पासून तो न ठरवल्यास ठळक इशारा येऊ लागला. अनेकांनी इशारा तेवढा दडपला. माझ्या मते पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ तिथे आहे.

सर्वांत चिवट ठरला तो ‘आयएसटी’ हा शब्द. आपल्याला त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो, पण इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटी आहे आणि आयर्लंडचीही. आयर्लंडमध्ये तर कायद्याने उन्हाळ्यातली वेळ हीच प्रमाणवेळ असून हिवाळ्यात ती एक तास मागे घेतली जाते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत आयएसटी लिहिले की भारताची वेळ मिळते, तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या संक्षेपांच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे. म्हणजे पहाटे पाच वाजता धक्क्याला लागलेल्या नौकेची वेळ जावाने ‘५:०० आयएसटी’ अशी मजकुरात लिहून दिली, ती पोस्टग्रेसने वाचली आणि पुन्हा भारतीय वेळेत दाखवली, तर पडद्यावर साडेआठ उमटतात. कुठलाही एरर येत नाही आणि दोन्ही प्रणाली आपापल्या नियमाने बरोबर असतात. पोस्टग्रेसमध्ये संक्षेपांची भारतीय यादी निवडण्याची सोय होतीच, पण ती सोय आहे हे ठाऊक असलेले थोडे. २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून चालू सेशनच्या (डेटाबेसशी सुरू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनमधील संक्षेपाला आधी मान मिळतो, म्हणून सेशन ‘एशिया/कोलकाता’ असेल तर आयएसटी भारताचाच धरला जातो. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. तरीही साठवायच्या मजकुरात हा संक्षेप असूच नये, हेच योग्य. वेळ यूटीसीत साठवावी आणि दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ हे पूर्ण नाव वापरावे. ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नावही अजून चालते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये वेळ साठवण्याचा टाइमस्टॅम्प हा प्रकार आतून यूटीसीत साठतो, तर डेटटाइम जसा दिला तसाच राहतो. त्यामुळे सर्व्हरची स्थानिक वेळ डेटटाइममध्ये ठेवलेल्या जुन्या नोंदी दुरुस्त करताना नोव्हेंबरचा तो रविवार खरा अडवतो. तिकडे रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा ते दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे ऐन रविवारच्या मासळीखरेदीची वेळ. त्या दोन तासांतल्या सगळ्या नोंदी एकाच तासात कोंबलेल्या सापडतात आणि नुसत्या वेळेवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. अशा वेळी नोंदींचा चढता क्रमांक कामी येतो. क्रमाने खाली जाताना क्रमांक वाढतो पण वेळ अचानक मागे येते, तिथे दुसरा तास सुरू झाला असे धरावे. वरच्या नोंदींत साडेनऊ तास मिळवावेत आणि खालच्यांत साडेदहा.