घरी बांधलेल्या विमानाची स्किन: प्लायवूड की कंपोझिट

होमबिल्ट विमान म्हणजे कारखान्याबाहेर, कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमधे किंवा शेडमधे, प्लॅन विकत घेऊन हाताने बांधलेलं छोटं विमान. अमेरिकेत या छंदाला जोर आला तो 1953 मधे पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली तेव्हापासून, आणि आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. धातूची विमानं बाजूला ठेवली तर बांधणाऱ्यापुढे पहिला मोठा प्रश्न येतो स्किनचा, म्हणजे पंख आणि फ्यूजलाजवर (विमानाच्या धडावर) बाहेरून जे आवरण बसतं ते प्लायवूडचं करायचं की कंपोझिटचं, म्हणजे फायबरचं कापड आणि रेझिन मिळून होणारं.

स्किन नुसती झाकायला नसते हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. मागचा प्लाय न ठोकलेलं कपाट हलवून बघा, डुगडुगतं, आणि प्लाय ठोकला की ताठ होतं, पंखाचं तसंच आहे, वाकवणारा भार मुख्यतः स्पार, म्हणजे पंखातून लांबीने जाणारी मुख्य तुळई, घेतो पण पंख पिळवटू न देण्याचं काम स्किनचं असतं. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेवर प्लाय लावताना बऱ्याच डिझाइनमधे त्याचे रेषे स्पारला 45 अंशात ठेवायला सांगतात.

विमानाचा प्लाय म्हणजे फर्निचरवाल्याकडचा प्लाय नव्हे. तो बहुतेक बर्च झाडाच्या लाकडाचा, पातळ पातळ थरांचा, 0.8 मिमीपासून 3 मिमीपर्यंत, आणि महाग. त्याची खरी अडचण आकाराची आहे. प्लाय एका दिशेने छान वळतो, गरम पाण्याने भिजवला तर अजून वळतो, पण एकाच वेळी दोन दिशांनी, घुमटासारखा, वळत नाही. 1927 च्या लॉकहीड व्हेगाचं गोलसर फ्यूजलाज काँक्रीटच्या साच्यात थर दाबून केलेलं होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या ब्रिटिश लाकडी लढाऊ विमानाचंही बर्च प्लाय आणि मधे बाल्सा हे अगदी हलकं लाकूड घालून साच्यावरच, आणि असा साचा घरी कोण करणार! त्यामुळे पिटेनपोल एअर कॅम्परसारखी प्लायची होमबिल्ट विमानं सपाट बाजूंची, पेटीसारखी दिसतात. स्टेलिओ फ्राती यांचं फाल्को मात्र पूर्ण प्लायचं असूनही डौलदार, पण ते बांधायला मुरलेल्या सुताराचा हात लागतो.

दोन शीट जोडायचे तर तिरका जोड मारावा लागतो, उतार जाडीच्या साधारण 12 पट, म्हणजे 1.5 मिमी प्लायला 18 मिमी लांब. रंधा आणि पॉलिश पेपरने घासत गेलं की प्रत्येक थराची आणि मधल्या गोंदाची वेगळी पट्टी दिसायला लागते, त्या पट्ट्या सरळ आणि समांतर आल्या तर उतार बरोबर आलाय, वाकड्या आल्या तर पुन्हा घासा. हे काम फार सुंदर आहे आणि त्यात घाई चालत नाही.

कंपोझिटची लाट आली अमेरिकन विमान डिझाइनर बर्ट रुटान यांच्यामुळे. त्यांचं व्हॅरिव्हिगन लाकूड-प्लायचं होतं, आणि 1975 मधे उडालेलं व्हॅरिईझ फोम आणि ग्लास फायबरचं. थर्माकोलच्या जातीचा निळा फोम गरम तारेने पंखाच्या आकारात कापायचा, वर ग्लासचं कापड आणि इपॉक्सी रेझिनचे थर द्यायचे, साचा लागतच नाही. कापड पांढरं असतं, रेझिन मुरलं की पारदर्शक होतं, जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकलीय असं समजायचं. जास्तीचं रेझिन प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढायचं कारण ते ताकद देत नाही, वजन मात्र देतं. पॉलिएस्टर रेझिन त्या फोमवर कधीच वापरायचं नाही, फोम विरघळतो, पेट्रोलनेही विरघळतो. युरेथेन फोमला गरम तार लावायची नाही, विषारी धूर निघतो. आणि इपॉक्सी कातडीवर वारंवार लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, मग प्रोजेक्ट अर्धवट सोडायची वेळ येते, तेव्हा हातमोजे पहिल्या दिवसापासून.

कंपोझिट हलकंच असतं असं सगळे धरून चालतात. हिशोब करून बघा. 1.5 मिमी बर्च प्लाय चौरस मीटरला साधारण 1 किलो भरतो. 300 ग्रॅमच्या कापडाचे दोन थर आणि तेवढंच रेझिन धरलं तर 1.2 किलो, फोम वेगळा, आणि कापडाची जाळी बुजवायला लांबी (पुट्टी) भरून घासत बसायचं ते वजन वेगळं. फायबरचा खरा फायदा गुळगुळीत आणि हव्या त्या आकाराच्या पृष्ठभागात आहे. एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीवर, पुट्टी आणि रंग जास्त झाला तर मात्र त्याचा तोल परत तपासायलाच हवा, नाहीतर वेगात फ्लटर, म्हणजे धोकादायक फडफड, सुरू होऊ शकतो.

हवामानाचं म्हणाल तर लाकडाचा शत्रू पाणी आणि इपॉक्सीचा शत्रू उष्णता. 1944 च्या शेवटी भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत तुटले, विमानं जमिनीवर थांबवून तपासणी झाली तेव्हा पंखाच्या जोडांत चिकटवण्याचे दोष सापडले. आता इपॉक्सी गोंद आहेत, तरी प्लायची आतली बाजू वार्निशने सील करणं आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणं चुकत नाही, कोकणासारख्या हवेत तर नाहीच. उलट घरी सेट झालेलं इपॉक्सी उन्हात तापून मऊ पडू शकतं, म्हणून फायबरची विमानं बहुतेक पांढरी रंगवतात.

मधला रस्ताही आहे. 1970 च्या दशकातल्या केआर-2 या होमबिल्ट विमानात स्पार लाकडाचे, फ्यूजलाजच्या बाजू प्लायच्या आणि पंखांचं आवरण फोम-फायबरचं. पण ते डिझाइनरने मुळातून तसं मांडलंय. आपण मधेच प्लाय काढून 'तेवढ्याच जाडीचं' फायबर लावायचं, हे करू नका, दोघांचा ताठपणा वेगळा, भार स्पारकडे जाण्याची वाट वेगळी, सगळं गणित पुन्हा करावं लागतं.

दुरुस्ती दोन्हीत जमते, प्लायला तिरक्या कडेचं ठिगळ, फायबरला थर घासून पुन्हा कापड. तपासताना फायबरवर नाण्याने टकटक करत जातात, थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. लाकडात कुजणं बऱ्याचदा आतून सुरू होतं, म्हणून पंखाला तपासणीची झाकणं नीट हात आत जाईल एवढी ठेवावीत.