लहान मुलाचा सांधा दुखतोय? तपासणीला येण्याआधी वाचा

दोन-तीन वर्षांचं मूल "गुडघा दुखतो" असं सांगत नाही. ते जिना उतरताना कडेवर घ्यायला लावतं, उकिडवं बसायचं टाळतं, चालता येत असूनही सकाळी रांगायला लागतं. घरच्यांना तो हट्ट वाटतो, नाहीतर कुठेतरी पडलं असेल असं वाटतं. म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न हाच असतो: झोपेतून उठल्यावर पहिला अर्धा तास मूल कसं चालतं?

संधिवात लहान मुलांनाही होतो; त्याला बालसंधिवात म्हणतात. संधिवात झालेला सांधा विश्रांतीनंतर आखडतो. सकाळी लंगडणारं मूल तासाभरात पळायला लागतं आणि दुपारी डॉक्टरांसमोर अगदी नीट चालून दाखवतं. वाढीच्या वयातल्या पायदुखीचं याच्या उलट असतं. ती संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्या दुखतात, चोळून दिलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. तिच्यात सूज नसते, लंगडणंही नसतं.

इथे थांबू नका

ताप आहे, सांधा गरम झालाय, मूल पाय टेकवतच नाही किंवा हात लावू देत नाही, असं असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आमच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा. रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, चेहरा फिका पडणं, वजन घटणं, मार न लागता अंगावर निळे डाग येणं, यांपैकी काही दिसलं तर आधी रक्ताचा कर्करोग नाही ना, हे पाहावं लागतं. निदान होण्याआधी कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नका. त्याने तो आजार झाकला जातो.

आम्ही काय पाहतो

दुखरा सांधा आम्ही सगळ्यात शेवटी तपासतो, म्हणजे मूल आधीच घाबरत नाही. त्याआधी मान आणि जबड्यासकट बाकीचे सगळे सांधे पाहतो, शक्यतो तुमच्या मांडीवरच. दोन्ही गुडघे शेजारी ठेवले की वाटीच्या बाजूचा खळगा एका पायात भरलेला दिसतो. त्या बाजूची मांडी बारीक झालेली असते आणि आजार जुना असेल तर तो पाय किंचित लांबही झालेला असतो. गुडघा दुखत असला तरी खुबा तपासतोच, कारण खुब्याचं दुखणं बऱ्याचदा गुडघ्यात जाणवतं.

सर्दी-तापानंतर खुब्याला येणारी सूज साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाते. बालसंधिवात म्हणायचं तर सांध्याचा त्रास 16 वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान 6 आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला असावा लागतो. पण तपासणीसाठी 6 आठवडे थांबायचं नसतं. सुजलेला सांधा लवकरात लवकर दाखवा.

रिपोर्टबद्दल आम्हाला आवर्जून सांगायचंय. आरए फॅक्टर ही संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच येते. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल असूनही सांधा आतून सुजलेला असू शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. सूज आहे की नाही हे हाताला कळतं, शंका राहिली तर सोनोग्राफीत दिसतं.

डोळ्यांची तपासणी टाळू नका

या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही तक्रार करत नाही, आणि नजर मात्र जात राहते. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलांना हा धोका जास्त. निदान झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) डोळे तपासून घ्यावेच लागतात आणि अशा मुलांचे पुढेही साधारण दर 3 महिन्यांनी.

उपचार आहेत आणि चांगले आहेत: सूज उतरवणारी औषधं, सांध्यात इंजेक्शन, आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट (संधिवात आटोक्यात ठेवणारं औषध), गरज पडल्यास बायोलॉजिक औषधं (सूज घडवणाऱ्या शरीरातल्या ठरावीक घटकांना रोखणारी), जोडीला व्यायाम. वेळेत सुरू केले तर बहुतेक मुलं खेळती-धावती राहतात.

येताना जुने रिपोर्ट आणा, मुलाला हाफ पँट घाला आणि सकाळी उठल्या उठल्या चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ नक्की आणा. आमच्या दृष्टीने तो एक्स-रेइतकाच महत्त्वाचा आहे.