बांगड्याचा ठसा: कोकणातल्या मे महिन्यातल्या प्रिंट वर्कशॉपमागची गोष्ट

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत एका घराच्या खळ्यात मांडव घालून पाच दिवसांचं प्रिंटमेकिंगचं, म्हणजे ठोकळ्यावरून किंवा प्लेटवरून कागदावर छाप काढायचं, वर्कशॉप झालं, पोरं आणि मोठी मिळून पंधरा-सोळा जण होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्या काकीकडून बांगडे घेतले होते ती परत जाताना टोपली उतरवून मांडवात डोकावली, दोरीवर चिमटे लावून सुकत घातलेला कागद बघितला आणि म्हणाली, "अगो बाय, ह्यो बांगडो कागदार खयसून इलो?" खवला न् खवला उमटला होता. तिला कोणीतरी सांगितलं की हे मुंबईच्या लोकांचं नवीन काहीतरी आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की हे एकदा नीट लिहायला पाहिजे, कारण ते मुंबईचंही नाही आणि नवीन तर अजिबातच नाही.

ठसा उमटवणं आपल्या घरात आहेच की. गौरी आणायच्या दिवशी आजी तांदळाचं पीठ पाण्यात कालवायची, मूठ घट्ट मिटून करंगळीकडची बाजू त्या पिठात बुडवायची आणि सारवलेल्या जमिनीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके, झालं गौरीचं पाऊल. एका मुठीचं एक, दुसऱ्या मुठीचं दुसरं, अशी दारापासून थेट देवापर्यंत. प्रिंटमेकिंगमध्ये याला रिलीफ म्हणतात, म्हणजे जो भाग वर आहे तोच रंग घेतो आणि तोच उमटतो. लिनोकट, वुडकट म्हणजे लिनोलियम किंवा लाकूड कोरून काढलेले छाप, सगळं याच तत्त्वावर चालतं. याच्या बरोबर उलटी पद्धत म्हणजे खोदलेल्या रेघेत शाई भरायची, आणि खोदलेली रेघ बघायची तर रत्नागिरी, राजापूरच्या सड्यावर म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जा, उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ. जांभ्यात कोरलेली ती कातळशिल्पं, त्यातली रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसयमळ अशी मिळून नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यावरून कोणी कागदावर छाप काढला नव्हता हे खरं, पण दगडावर खोल रेघ ओढून आकार धरायची सवय या किनाऱ्याला किती जुनी आहे ते तिथे उभं राहिलं की कळतं.

आता छापखाना. भारतात पहिला छापखाना आला तो याच किनाऱ्यावर, गोव्यात, सप्टेंबर १५५६ मध्ये. आणि तो आपल्यासाठी आलाच नव्हता! जेझुइट पाद्र्यांनी तो अ‍ॅबिसिनियाला म्हणजे आजच्या इथिओपियाला न्यायला म्हणून जहाजावर चढवला होता, पुढे जायचं जमलं नाही आणि यंत्र इथेच जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात राहिलं, सोबत हुआन दे बुस्तामांते नावाचा छपाई येणारा माणूस होता म्हणून ते चाललंसुद्धा. पुढे १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, भाषा मराठी पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. म्हणजे जे हाताशी आहे त्यात भागवलं. नंतर सतराव्या शतकाच्या शेवटाकडे तिथली छपाई थंडावली आणि गोव्यात परत छापखाना सुरू व्हायला १८२१ उजाडलं. मधली जवळजवळ दीडशे वर्षं काही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला यातला सगळ्यात जवळचा माणूस वाटतो तो गणपत कृष्णाजी. भंडारी समाजातला, मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करायचा, तिथे त्याने शिळाछाप बघितला. शिळाछाप म्हणजे लिथोग्राफी, १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डरने काढलेली पद्धत, गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फिरवली की ती फक्त चित्राला धरते, पाण्याला नाही. (आपला जांभा यासाठी कामाचा नाही, स्पंजासारखा भोकाभोकांचा असतो, सगळी शाई पिऊन टाकेल.) गणपत कृष्णाजीने काय केलं, तर घरी स्वतःच्या हाताने लाकडाचं यंत्र बनवलं, एक लहानसा दगड मिळवला, शाई स्वतः तयार केली आणि प्रयोग करत बसला. चुकत चुकत १८३१ साली त्याने मराठी पंचांग छापलं. तोपर्यंत पंचांग जोशीबुवांकडे हाताने लिहिलेलं असायचं आणि लोक त्यांच्याकडे जाऊन ऐकायचे. छापील पोथी सोवळ्यात चालणार नाही, शाईत चरबी असते, असं लोक म्हणायला लागले तेव्हा त्याने चरबीच्या जागी तूप वापरलं असं सांगतात. तुपाची शाई! माझ्या मते आपल्याकडच्या प्रायोगिक प्रिंटमेकिंगचा पहिला धडा इथेच आहे, माल नसेल तर बनवा, नियम आडवा आला तर मालच बदला.

मग १८९४ साली राजा रविवर्म्याचा प्रेस मुंबईत निघाला, नंतर तो मळवलीला गेला, आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरात पोचली. एकेका रंगासाठी वेगळा दगड, इतकं ते वेळखाऊ काम. कोकणातल्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर अजून ती चित्रं दिसतात आणि मला तुम्हाला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल, की त्यातल्या कित्येक चित्रांवर घरातल्या बायकांनी जर, टिकल्या, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेत, लक्ष्मीला खरी जरीची साडी नेसवलीय. छापलेलं चित्र, त्यावर कापड, त्यावर टिकल्या, वर काच. आज आपण ज्याला मिक्स्ड मीडिया म्हणून फी भरून शिकतो ते हेच आहे. युरोपात पिकासोने ऑइलक्लॉथचा तुकडा आणि दोरी चित्राला लावली ती १९१२ मध्ये, आणि तिथून पुढे कोलाज हा शब्द रुळला. आमच्या पणजीच्या लक्ष्मीचं कौतुक कुठे लिहिलेलं नाही.

याचं कारण असं की छाप म्हणजे धंदा, छाप म्हणजे नक्कल, अस्सल कला म्हणजे हाताने रंगवलेलं एकच चित्र, असं आपल्याकडे बराच काळ धरून चाललं होतं. ते बदललं ते चित्रकारांनीच. गोव्यातल्या साळगावचा सूझा, जन्म १९२४, पुढे परदेशात गेल्यावर मासिकांची छापील गुळगुळीत पानं घेऊन त्यावरची शाई केमिकलने विरघळवून त्यातच चित्र काढायला लागला. अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेला प्रभाकर बरवे घराला लावतात तो इनॅमल रंग घेऊन कॅनव्हासवर काम करत होता. दोघंही याच किनाऱ्याचे, आणि दोघांनीही "हे चित्राचं सामान नाही" अशा सामानाला हात घातला.

प्रिंटमध्ये मोठी उडी झाली पॅरिसला. हेटर नावाच्या माणसाने १९२७ ला तिथे स्टुडिओ काढला, अटेलिए १७ म्हणून पुढे तो ओळखला गेला, आणि तिथे आंध्रातून शांतिनिकेतनमार्गे गेलेला कृष्णा रेड्डी आणि मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला कायको मोती या दोघांनी व्हिस्कॉसिटी प्रिंटिंगच्या पद्धतीवर काम केलं, व्हिस्कॉसिटी म्हणजे शाईचा घट्ट-पातळपणा. सोपं करून सांगायचं तर एका शाईत जवसाचं तेल जास्त घालायचं, दुसरीत कमी, मग त्या एकमेकींवर बसत नाहीत, बाजूला होतात. ज्यावरून छाप काढायचा त्या धातूच्या प्लेटमध्ये खोल-उथळ पातळ्या असतात, मऊ रोलर खोल जागी जातो, कडक रोलर वरच्यावर फिरतो, आणि एकाच प्लेटमधून एकाच दाबात सगळे रंग. रविवर्मा प्रेसला जिथे ढीगभर दगड लागायचे तिथे एक प्लेट! इकडे बंगालमध्ये सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात शाईच सोडून दिली, कागदाच्या लगद्यातच जखमेसारखे चरे उमटवले, पांढऱ्यावर पांढरं.

पण आमच्या मांडवात जे सगळ्यात जास्त चालतं ते कोलाग्राफ. ग्लेन आल्प्स या अमेरिकन माणसाने १९५० च्या दशकात हे नाव दिलं, ग्रीकमध्ये कोल्ला म्हणजे गोंद. पुठ्ठा घ्यायचा, त्यावर फेविकॉलने वाट्टेल ते चिकटवायचं, सुंभ, फणसाचं पान, जुन्या जाळ्याचा तुकडा, वाळू, मग वरून वॉर्निश मारून कडक करायचं आणि तीच प्लेट. शाई लावा, पुसा, ओलसर कागद ठेवा, दाब द्या. आता सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, कशी बनते ते आठवा. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात. दशावतारी गंजिफाचे असे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. थर, गोंद, वॉर्निश, सामान तेच! ही कला जवळजवळ संपली होती, १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी एका वयोवृद्ध चितारी कारागिराकडून शिकून घेऊन राजवाड्यात परत सुरू केली म्हणून ती राहिली. पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, पण अशीच तग धरून आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना घरच्यासारखा आनंद झाला होता. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मी गंजिफाचा एक पत्ता सगळ्यांच्या हातात फिरवते, नुसता अंगठा फिरवला तरी थर कळतात, मग कोलाग्राफ समजावून सांगायला वेळच लागत नाही.

उन्हाळ्यात समुद्रावर जमून छापकाम शिकायचं ही कल्पना कुठून आली म्हणाल तर अमेरिकेतलं प्रॉव्हिन्सटाउन बघा. ते पण मासेमारीचं गावच. १८९९ ला हॉथॉर्न नावाच्या चित्रकाराने तिथे उन्हाळी शाळा काढली, मग पहिल्या महायुद्धामुळे युरोपात जाता येईना म्हणून आणखी चित्रकार तिकडे आले आणि १९१५ च्या आसपास त्यांनी एकाच लाकडी ठोकळ्यावर सगळे रंग लावून छापायची पद्धत काढली, रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये खाच ठेवायची, ती खाच कागदावर पांढरी रेघ म्हणून उमटते. परत तेच, एकच ठोकळा, कमी सामान. आपल्याकडे १९७० साली दिल्लीत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं प्रिंटमेकिंग वर्कशॉप झालं त्याचा बराच परिणाम झाला, पुढे बडोद्याला १९९९ मध्ये छाप नावाचा स्टुडिओ निघाला जिथे कोणीही कलाकार जाऊन प्रेस वापरू शकतो. गोव्यात आर्ट कॉलेज १९७२ पासून आहे, चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, त्यामुळे शिकलेली मुलं आता गावात आहेत, मुंबईहून माणूस आणावा लागत नाही.

आणि मेच का, तर एक म्हणजे शाळेला सुट्टी आणि चाकरमानी घरी. दुसरं म्हणजे हवा. मृग लागला की कागद सादळतो, तेलाची शाई दिवसेंदिवस सुकत नाही, चार प्रिंट एकमेकांना चिकटून फुकट जातात, बुरशी येते ती वेगळीच. मे मध्ये शाई उकाड्याने पातळ होते पण त्याला उपाय आहे, चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटलं की परत घट्ट. तिसरं ऊन. सायनोटाइप या प्रकाराला आमच्याकडे कडक ऊनच लागतं, १८४२ ला हर्शेलने शोधला आणि लगेच १८४३ पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळाचे निळे छाप काढायला सुरुवात केली. आमच्याकडे ओहोटीला खडकावरचं शेवाळ आणायचं, केमिकल लावून अंधारात सुकवलेल्या कागदावर मांडायचं, वर काच, दुपारच्या उन्हात काही मिनिटं, मग पाण्यात धुतलं की हिरवट-पिवळं सगळं निघून जातं आणि निळा वर येतो. पाण्यातून तो निळा वर येताना पोरं जी गप्प होतात ना, ते बघायला मी दरवर्षी जाईन.

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेघा खोदायच्या, ते अ‍ॅसिड मात्र आम्ही वापरत नाही. जस्ताच्या प्लेटला सहसा नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात, त्याची वाफ वाईट, खळ्यात पोरं, कोंबड्या, विहीर जवळ. त्याऐवजी दुधा-ज्यूसचे रिकामे टेट्रापॅक उलगडून आतल्या चकचकीत बाजूवर सुईने रेघा ओढायच्या, मस्त एचिंगसारखा छाप येतो, आणि प्रेस नसली तरी पोळीचं लाटणं नाहीतर लाकडी उलथणं चालतं. हल्ली रिसॉर्टवर दोन तासांचं वर्कशॉप असतं, आधीच कोरलेला ठोकळा देतात, रोलर फिरवा, फोटो काढा, चला. मला ते पटत नाही. ठोकळा कोरताना हत्यार कुठे अडतं आणि उलटं अक्षर कसं फसवतं हे हाताला कळलं नाही तर तुम्ही काय शिकलात? आणि एक तळमळीने सांगते, चितारी, ठाकर कलाकारांना उद्घाटनाला नारळ देऊन बसवू नका, त्यांना शिकवायला बोलवा आणि मानधन इतर शिकवणाऱ्यांइतकंच द्या.

राहिला बांगडा. तो जपानी प्रकार, ग्योताकू, १९ व्या शतकातला, पकडलेल्या माशाची नोंद ठेवायला. मासा मिठाने चोळून चिकटपणा काढायचा, फडक्याने कोरडा करायचा, पर टाचणीने पसरायचे, ब्रशने शाई लावायची, पातळ कागद ठेवून बोटांनी दाबत जायचं, शेपटीकडे हळू. डोळा कधी छापून येत नाही, तो मागाहून काढावा लागतो. हे सगळं मासेमारी बंदीच्या आधी उरकावं लागतं, नाहीतर ताजा मासा कुठला. त्या दिवशी काकीने विचारलं हा कागद मी नेऊ काय, म्हटलं ने की, पण डोळा राहिलाय. ती म्हणाली असू दे. दुसऱ्या दिवशी बांगडे द्यायला आली तेव्हा मुद्दाम मोबाइलवर फोटो दाखवला, घरच्या भिंतीवर लावला होता आणि डोळ्याच्या जागी कपाळाला लावायची चकाकती टिकली चिकटवली होती.