वेल्ह्याचा राजगड होताना

सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा अशी ओळ असते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात त्या ओळीत वर्षानुवर्षं ‘तालुका वेल्हे’ छापून येत होतं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मान्यता दिली आणि पुढे तसं राजपत्रही निघालं.

वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याचं गाव. कचेरी तिथे, म्हणून तालुक्याला त्याचं नाव. त्याआधी इथला माणूस ओळख सांगायचा ती खोऱ्यावरून. कानंद खोरं मरळ देशमुखांचं, मोसे खोरं पासलकरांचं, गुंजवणीकाठचं गुंजण मावळ शिळीमकरांचं. या देशमुखांची साथ घेऊनच शिवरायांनी मावळात पाय रोवला, तोरणा घेतला आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा केला. जवळजवळ पाव शतक स्वराज्याचा कारभार त्या गडावरून चालला. पुढे हे दोन्ही गड भोर संस्थानात गेले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, आणि गड पुणे जिल्ह्यात आले.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या भरली ५४,५१६. त्याच जिल्ह्यातल्या बारामती तालुक्याची होती ४,२९,६००. वेल्ह्यात नगरपालिका नाही, सगळी वस्ती खेड्यांची आणि डोंगरउतारांवरच्या वाड्यांची. उतारावर भातखाचरं किती निघणार? त्यातली खोऱ्याच्या तळातली कसदार जमीन पानशेत आणि वरसगावच्या धरणांखाली गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते पुण्याच्या पुरामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ज्यांची घरं आणि खाचरं पाण्याखाली गेली त्या गावांची नावं पुण्यात किती जणांना सांगता येतील? मला हे फार लागतं, कारण पुणे आजही याच खोऱ्यांचं पाणी पितं. गावात उरलेल्या घरांतली तरणी पोरंही कामासाठी पुण्याचीच वाट धरतात.

कारभार इतर तालुक्यांसारखाच: तहसीलदार, पंचायत समिती, गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी. आमदारकीला मात्र भोर आणि मुळशीबरोबर एकच मतदारसंघ, त्यामुळे इतक्या थोड्या मतांचा आवाज क्षीणच राहतो.

नामांतराची मागणी जुनी होती आणि तालुक्यातल्या बहुतेक ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले होते. मला हे नाव रास्त वाटतं. वेल्हे गाव मात्र वेल्हेच राहिलं आहे, आणि राजगड तालुक्याची कचेरी आजही तिथेच, तोरण्याच्या पायथ्याला आहे.